वर पाण्याचं टाकं आहे

७ जानेवारी १९९६, रविवार

भारतीय घटनेनं नागरिकाला जे मूलभूत हक्क दिले आहेत त्यांत चहाची गाळणी येत नाही. येत असती तर मी आज सर्वोच्च न्यायालयाच्या पायरीवर रिकामा कप घेऊन बसलो असतो. आमच्या घरातली एकमेव गाळणी आमची बायको प्रभा डोंगरावर घेऊन गेली आहे. मी रुमालानं चहा गाळला. रुमालही गेला आणि चहाही. घटना समितीत एकही चहा पिणारा माणूस नव्हता काय?

"बाबा, फडका होता ना समोर," निधी म्हणाली. "इतना ड्रामा?" ही आमची कन्या. कॉलेजात आहे, मराठी समजतं, बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर हिंदीची गाडी पकडते.

गेल्या दिवाळीपासून दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या बायकांनी 'भटकंती गट' काढला आहे. महिन्यातून एका रविवारी दिल्लीच्या आसपासच्या टेकड्यांवर जायचं, कधी तंबू ठोकून मुक्काम करायचा. सूत्रधार अलकनंदाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, वय चौसष्ट. पुढारी आमची प्रभा. जिला सरोजिनी नगरच्या बाजारात एकटीनं पडद्याचं कापड घ्यायचा धीर होत नव्हता, ती आठ बायकांना पहाटे गोळा करते आणि डोंगरावर नेते.

मला दोष नवीन घराचा वाटतो. जूनमध्ये सरकारी क्वार्टर सोडून गाझियाबादच्या ह्या वैशालीत आलो. स्वतःचा फ्लॅट. खिडकीतून अर्धवट इमारती दिसतात, मध्ये मध्ये मोहरीची शेतं, आणि शेतात पाट्या: इथे लवकरच अमुक टॉवर, तमुक रेसिडेन्सी. क्वार्टरमध्ये कुणाच्या कुकरची शिट्टी कुठली ते कळायचं. इथे शेजारी कोण तेच ठाऊक नाही, मग नावं ठेवायची तर कुणाला? दिवसभर ह्या खोलीतून त्या खोलीत जातो. प्रवास म्हणाल तर माझाही चालू आहे.

संध्याकाळी प्रभा आली. वाऱ्यानं गाल रापलेले. "कसं होतं?" विचारलं.

"ठीक होतं."

मग तिनं अलकनंदाबाईंना फोन लावला आणि अर्धा तास हसत बोलत होती. दिवसभर ज्या बाईबरोबर होती तिच्याशीच पुन्हा काय बोलायचं असतं, देव जाणे.

१५ जानेवारी

अलकनंदाबाई तिळगूळ घेऊन आल्या. गोड बोला म्हणाल्या आणि लगेच कामाला लावलं.

"दत्तोपंत, पाडव्याच्या अंकासाठी लेख हवा. बारमाही भटकंती. कुठल्या ऋतूत काय न्यायचं, कुठे तंबू लावायचा, काय खायचं. व्यवहाराचं सांगा. तुमचं ते नेहमीचं नको."

माझं नेहमीचं म्हणजे मंडळाच्या अंकातलं सदर. त्यात मी मंडळाच्या लोकांची टोपी उडवतो आणि ते पुढच्या कार्यक्रमात टोपी घालून येतात.

"बाई, मी मंत्रालयात अनुवादक आहे. टोळधाडीच्या बंदोबस्ताचे नियम मी एकही टोळ न पाहता मराठीत आणलेत. भटकंतीला काय लागतं?"

"थट्टा नको म्हटलं ना. बायका हे वाचून निघणार आहेत."

स्वयंपाकघरातून प्रभा म्हणाली, "त्यांना कशाला विचारता? ते कधी–" आणि थांबली.

ते अर्धं वाक्य मला पूर्ण वाक्यापेक्षा जास्त लागलं. "मी पुण्याचा आहे," मी म्हणालो. "सह्याद्री माझ्या अंगणात होता."

प्रभा हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. अंगणात सह्याद्री होता हे तिला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळत होतं.

२२ जानेवारी

काल गटाचा तंबू गच्चीवर लावून झोपलो. संशोधन. निष्कर्ष लिहून ठेवतो.

थंडी वरून येत नाही, खालून येते. मी अंगावर दोन रजया घेतल्या आणि खाली एक चादर. उलटं करायला हवं होतं. पहाटे वर्तमानपत्रं आणून पाठीखाली पसरली तेव्हा जरा ऊब आली. उदारीकरणाचा मला व्यक्तिशः झालेला हा पहिला फायदा: पेपरांना रंगीत पुरवण्या आल्या, आणि त्यांतून जमिनीचा गारवा वर येत नाही.

तंबू घट्ट बंद करू नये. आपलाच श्वास छताला लागतो आणि पहाटे थेंब थेंब अंगावर येतो. बूट बाहेर ठेवू नयेत, धुक्यात भिजून लगदा होतात. खोबरेल तेलाची बाटली अंगाशी धरून झोपावी, नाहीतर सकाळी त्यातून दगड निघतो. झोपताना मोजे कोरडे घालावेत, दिवसभराचे नव्हेत.

सकाळी प्रभा चहा घेऊन वर आली. "झोप लागली का?"

"तुझ्या घोरण्याशिवाय लागत नाही, असं आढळून आलं."

तिनं कप कठड्यावर ठेवला आणि खाली गेली. विनोद चांगला होता. थंडीमुळे तिच्यापर्यंत पोचला नसावा.

११ फेब्रुवारी, रविवार

बायकांचा सराव हिंदूराव इस्पितळामागच्या रिजवर, म्हणजे दिल्लीतल्याच झाडीच्या टेकडीवर होता. लेखकानं प्रत्यक्ष पाहणी करावी म्हणून गेलो. पहिल्या चढालाच छातीत भाता सुरू झाला. बाकावर बसलो आणि वानरांचं निरीक्षण करत असल्याचा आविर्भाव आणला. वानरंही माझं करत होती.

तिथून प्रभा दिसली. एका बाईला उतरताना पाय कसा आडवा टाकायचा ते दाखवत होती. कमरेवर हात, आवाज खणखणीत. "घाबरायचं नाही हं, टाच आधी रोवा, मग वजन सोडा. बिल्कुल! अशी!" मला क्षणभर ओळखूच आली नाही. असा आवाज तिनं कुठे ठेवला होता?

मी जवळ गेलो तशी ती गप्प झाली. दम लागला असेल.

२५ फेब्रुवारी

लेख पुढे सरकतो आहे. मी मात्र बसल्या जागी बसत नाही. टीव्हीवर केबलवाल्यानं इतकी चॅनेलं दिली आहेत की एकही पाहून होत नाही. दहा मिनिटं लेख, मग फेरी, मग खिडकी. समोरच्या इमारतीला आणखी एक मजला चढला.

लिहिलेलं असं: उन्हाळ्यात सूर्याच्या आधी निघावं आणि ऊन तापायच्या आत सावलीत यावं, इकडच्या उष्ण वाऱ्याची लू लागते ती शहाण्यांनाही लागते. डोकं आणि मान सुती पंचानं झाकावी. तंबूच्या दोऱ्यांवर मोठे दगड ठेवावेत, आंधी सांगून येत नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या कोरड्या वाळूत कधीही मुक्काम करू नये, पाऊस दुसरीकडे पडतो आणि पाणी आपल्याकडे येतं. बूट घालण्याआधी झटकावेत, विंचवालाही घर लागतं. पावसानंतरचे दोन महिने सगळ्यांत चांगले. बरोबर गूळ-दाणे, दशम्या, मेतकूट. लोणचं डब्यातून गळतं आणि मग सगळ्या कपड्यांना मुरतं.

हे सगळं कुठून आलं? थोडं गच्चीवरून, थोडं ऑफिसातल्या लोकांकडून, थोडं माझ्या मनातून. अनुवादकाला मूळ मजकूर नसला तरी चालतं, हे मला आता पटलं आहे.

३ मार्च

आज पाण्याबद्दलचा शेवटचा परिच्छेद लिहिला. हा एकच मी कुणाला न विचारता लिहिला.

शाळेत असताना सहल गेली होती किल्ल्यावर. कुठला ते आठवत नाही, पण वरचं टाकं आठवतं. कातळात खोदलेलं, आत अंधार, काठाला नेचे लोंबलेले. मास्तरांनी आम्हाला पालथं झोपायला लावलं आणि म्हणाले, तोंड लावून प्या. दात ठणकले इतकं गार. पाण्यात माझा चेहरा होता आणि त्याच्यामागे आभाळ. पुढे आयुष्यात बरंच पाणी प्यालो, तसं नाही.

तेच लिहिलं आणि शेवटी: "किल्ला म्हटला की वर पाण्याचं टाकं असतंच. खालून ओझं वाहू नये. एक बाटली वाटेपुरती पुरे."

प्रभानं लेख वाचला. हा भाग दोनदा वाचला. "हे छान झालंय."

माझ्या लिखाणाला ती कित्येक वर्षांत काही म्हणाली नव्हती. मी सावध झालो.

"खरंच प्यालात तुम्ही?"

"खरंच."

"नेचे म्हणजे ते बारीक पानांचे?"

"हो. ओले. हात लावला की गार लागायचे."

मग तिनं आणखी विचारलं, आणि मी सांगत गेलो. मास्तरांचं, वाटेतल्या करवंदांचं, उतरताना एकाची चप्पल तुटली त्याचं. विनोद करायचं राहूनच गेलं. टीव्ही लावायचाही राहिला.

२० मार्च, पाडवा

अंक निघाला. मंडळाचे सचिव भाऊसाहेब भाषणात म्हणाले, "आमचे दत्तोपंत लेखणीनं डोंगर चढतात." लोक हसले. मीही हसलो. वाक्य माझं असतं तर जास्त हसलो असतो.

प्रभानं तो अंक कव्हर घालून ठेवला आहे.

२२ एप्रिल, सोमवार

आज रजा टाकली. लिहिल्याशिवाय चैन नाही.

काल गट दिल्लीच्या दक्षिणेला, सोहन्याच्या पलीकडे बुढाकोट नावाच्या टेकडीवर गेला. वर पडका किल्ला आहे. पहाटे मारुती व्हॅनी भरून निघाले. मी उशिरा उठलो. निधी अंक हातात घेऊन पराठा खात होती.

"बाबा, टाकं म्हणजे काय? टंकी?"

"कातळात खोदलेला हौद. पावसाचं पाणी साठतं. सह्याद्रीत प्रत्येक किल्ल्यावर असतो. आमच्याकडचा कातळच तसा, आणि पाऊसही तसा."

"हमारे यहाँ कुठे आहे असा पाऊस? आम्ही कॉलेजमधून त्याच साइडला गेलो होतो, अरावलीत. वर काहीच नव्हतं. नुसते पत्थर आणि काटे. पाणी खालून न्यावं लागलं, सगळं." मग ती थांबली. "बाबा, आईनं काल सबको फोन केला होता. एकच बाटली आणा म्हणून."

मी उठलो. सदरा घालताना बटणं वरखाली लागली. टॅक्सी स्टँडवर जी व्हॅन मिळाली ती घेतली. एका दुकानातून प्लास्टिकचा डबा घेऊन भरला. निधी यायला निघाली, तिला फोनजवळ बसवलं. यमुना पुलावर गर्दी, पुढे कुठल्याशा पक्षाचा प्रचाराचा ट्रक, माणसं नाचत होती. ड्रायव्हर म्हणाला, "साब, टेन्शन मत लो, लेडीज़ लोग पानी लेके ही जाती हैं."

"ये वाली नहीं ले गईं," मी म्हणालो. "इनको लिख के दिया था."

पायथ्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. डबा खांद्यावर घेऊन चढायला लागलो. झाकण नीट बसत नव्हतं, पाठ भिजत होती आणि ती वाळतही होती. थोड्या वेळानं मला काही दिसेना. बसलो आणि त्याच डब्यातलं पाणी प्यालो. दोनदा प्यालो. हे लिहायलाच हवं.

मग वरून आवाज आले. बायका उतरत होत्या. पुढे प्रभा, तिच्या आणि दुसऱ्या एकीच्या खांद्यावर अलकनंदाबाईंचे हात. बाईंची मान एका बाजूला, चेहरा लाल आणि कोरडा, घामाचा टिपूस नाही. काहीतरी बोलत होत्या, शाळेतल्या कुठल्या मुलीला हाक मारत होत्या.

प्रभाचे ओठ पांढरे पडले होते. मला बघून तिला नवल वाटलं नाही. "टाकं नव्हतं," ती म्हणाली.

डब्यात अर्ध्याहून कमी राहिलं होतं. तिनं तो माझ्या हातून घेतला. बाईंच्या मानेवर, काखेत ओला पंचा ठेवला, घोट घोट पाजलं. मग प्रत्येकीला झाकण झाकण. स्वतः शेवटी, आणि तिच्यापुरतं एक झाकणही भरलं नाही.

एक बाई मला म्हणाली, "आम्ही वर तासभर टाकं शोधत फिरलो. मी म्हटलं, नसेल. प्रभाताई म्हणाल्या, असणार, ह्यांनी लिहिलंय. एक हौद सापडला, त्यात नुसता काटेरी कीकर उगवलेला."

खाली पहिलंच घर भतेरी नावाच्या बाईचं. ती दारात भांडी घासत होती, राखेनं. काही न विचारता तिनं अलकनंदाबाईंना खाटेवर घेतलं आणि घरातले दोन घडे बाहेर आणले. एक बायकांनी पिऊन संपवला, एक बाईंच्या अंगावर गेला. मीठ-साखरेचं पाणी पोटात गेल्यावर बाईंनी डोळे उघडले आणि प्रभाला म्हणाल्या, "माझा चष्मा कुणाकडे आहे?" तेव्हा प्रभा पहिल्यांदा खाली बसली.

भतेरी रिकामे घडे बघत होती. तिच्या बोलीत घाम म्हणजे ऊन. "दो ही थे, दोनूं गए. इब इस घाम में फेर जाऊंगी नल पै."

मी खिशात हात घातला. ती म्हणाली, "इसका के करूं? नल तो उड़ै ए सै." आणि लांबवर बोट दाखवलं. पैशानं नळ जवळ येणार नव्हता. मी त्या दिशेला पाहिलं. नळ दिसतही नव्हता. मग ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि आम्ही निघालो.

अलकनंदाबाईंना इस्पितळात ठेवलं. त्यांचा मुलगा सुधन्वा धावत आला. "पाणी का नव्हतं, मावशी? एवढ्या उन्हात?"

"माझा अंदाज चुकला," प्रभा म्हणाली.

मी शेजारीच उभा होतो, हातात सरबताचा डबा. जिभेचा असा संप मी पूर्वी पाहिला नव्हता.

घरी येताना तिला म्हणालो, "तू असं का सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तुमचं मी काहीच धरून चालत नाही. सगळी थट्टाच असते, मी सोडून देते. त्या एका ठिकाणी थट्टा नव्हती. म्हणून धरलं."

मी म्हणालो, "ते टाकं खोटं नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर."

२४ एप्रिल

अलकनंदाबाई घरी आल्या. प्रभानं बूट धुतले, वाळवले आणि माळ्यावर टाकले. मी शिडी धरली.

तिला म्हणालो की मंडळात मी बोलतो. ती म्हणाली, "बघा तुम्हाला काय ते."

२८ एप्रिल, रविवार

कार्यकारिणीची सभा. विषय: भटकंती गट बंद करावा की पुढारी बदलावा. भाऊसाहेब म्हणाले, महिलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. एरवी ह्याच माणसानं कोजागरीला बायकांना तीन जिने दुधाची पातेली वाहायला लावली होती. हे मी बोललो नाही. मी उभा राहिलो.

"चूक प्रभाची नाही, माझी आहे. मी आयुष्यात एकदा किल्ला चढलो आहे, शाळेत. अरावलीबद्दल मला काही माहीत नाही. टाक्याचं मी लिहिलं. बायकांनी त्यावर विश्वास ठेवला."

मग भाऊसाहेब टाळ्या वाजवायला लागले. "वा, दत्तोपंत! आयुष्यात एकदा! काय टायमिंग आहे!"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "हे पुढच्या सदरात घ्या." कुणीतरी म्हणालं, "बायकोसाठी माणूस काय काय अंगावर घेतो, शिका!" मी म्हणालो, मी खरं बोलतोय. ते आणखी हसले. खरं बोलतोय हे वाक्य मी त्यांना इतक्यांदा विनोदासाठी वापरून दाखवलं आहे.

प्रभा हसली नाही. अलकनंदाबाई अजून घरीच होत्या. गट तहकूब. पुढारी नंतर ठरेल.

परत येताना रिक्षात मी दोन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. कुठलंही वाक्य काढलं की त्याला शेपूट येत होतं.

१९ मे

प्रभा घरात असते. कपाटं लावते, लावलेली कपाटं पुन्हा काढते. रविवारी पहाटे चारलाच उठून बसते, मग लक्षात येतं आणि चहा करते. विचारलं तर म्हणते, "काही नाही. जाग आली."

मला झोप नाही. लोडशेडिंगमध्ये गच्चीवर जातो. खाली शेतात नवीन पाटी लागली आहे. मोहरीचं शेत गेलं.

निधी आज जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही आजकल बोलतच नाही. तब्येत ठीक आहे ना?"

प्रभानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

९ जून

संध्याकाळी आंधी आली. आकाश पिवळं झालं, खिडक्या बंद करेपर्यंत घरभर वाळू. त्याच वाळूत अलकनंदाबाई दारात. हातात काठी, आवाज शाळेचा.

"प्रभा, गट सुरू कर."

"बाई, मंडळानं–"

"मंडळ कुठे चढणार आहे? बेशुद्ध मी पडले, भाऊसाहेब नाही. मी येणार, तू नेणार. पावसानंतर त्याच टेकडीवर."

"तिथेच?"

"तिथेच. आणि तो लेख नवा लिहायचा. तू लिहायचा." मग माझ्याकडे वळल्या. "दत्तोपंत शुद्धलेखन बघतील. तेवढं येतं त्यांना."

"येतं," मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आणखी काही येईल म्हणून थांबल्या असाव्यात.

१८ ऑगस्ट

पाऊस धड नाही, नुसता घाम. प्रभा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहिते. निधीला घेऊन ती दोनदा बुढाकोटला जाऊन आली, वाट पायाखाली घालायला. तिचं वाक्य असं: "पाणी प्रत्येकीनं स्वतःचं न्यावं. तहान लागायच्या आधी प्यावं. वर पाणी आहे असं कुणी सांगितलं तर त्यानं ते ह्या महिन्यात पाहिलंय का, ते विचारावं." दुसरं: "पाणी अर्धं संपलं की परत फिरावं, वर पोचलो नसलो तरी." तिसरं: "सगळ्यांत हळू चालणारी पुढे ठेवावी."

मी वेलांट्या पाहिल्या. एक ऱ्हस्व होती ती दीर्घ केली. बाकी हात लावण्यासारखं काही नव्हतं.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"ह्यानं माणूस परत येईल," मी म्हणालो.

तिनं कागद माझ्या हातून घेतला आणि वाकून पुन्हा लिहायला लागली. जरा वेळानं ती काहीतरी गुणगुणत होती. मी खुर्ची हलवली नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

आज गेलो. मीही गेलो, मागच्या व्हॅनमध्ये, पिशव्यांबरोबर. उजाडताना पायथ्याशी होतो. हवा स्वच्छ, डोंगर हिरवट दिसत होता. प्रभानं प्रत्येकीच्या बाटल्या हातात घेऊन वजन करून पाहिल्या. अलकनंदाबाईंना सगळ्यांच्या पुढे उभं केलं. बाई म्हणाल्या, "मी वर्गातही पहिल्या बाकावर कधी बसले नाही."

"आता बसा," प्रभा म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही येताय ना?"

"मी खाली थांबतो."

ती थोडी थांबली. मी काही जोडलं नाही. ती वळली आणि शिट्टी वाजवली.

सगळ्या वळणाआड गेल्यावर मी भतेरीच्या घरी गेलो. तिनं ओळखलं नाही. "कौण सै?"

"अप्रैल में आए थे. एक बीमार थीं. आपके दो घड़े पानी लगा था."

"फेर?"

"वो भरने आया हूँ."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चपलेपर्यंत. मग घडे दाखवले. मी एक खांद्यावर घेतला. डोक्यावर घ्यायचं धाडस नव्हतं.

नळ म्हणजे हातपंप, शेतांच्या पलीकडे, बांधाबांधानं. तिथे पाच-सहा बाया होत्या. मला पाहून त्यांनी पदर तोंडावर ओढले आणि पदरांच्या आड हसल्या. एकीनं विचारलं, "किसके घर का सै?" दुसरी म्हणाली, "भतेरी नै नौकर राख्या सै!" मी पंप मारला. माझी पाळी आली तेव्हा एकीनं घडा कसा तिरपा धरायचा ते सांगितलं, मी तसा धरला. परत येताना पाणी मानेवरून पाठीत, पाठीतून चपलेत. बांधावर एकदा पाय घसरला, टाच आधी रोवली आणि वाचलो.

पहिला ठेवला, दुसरा घेऊन गेलो. तोही आणून ठेवला.

भतेरीनं दोन्हींत वाकून पाहिलं. "आधा तो रास्ते में गेर दिया."

खरं होतं. दोन्ही मिळून एक जेमतेम झाला असता. मी तिला त्यातल्या एकातलं दुसऱ्यात ओतायला मदत केली, रिकामा घेतला आणि तिसऱ्यांदा गेलो. ह्या वेळी बाया हसल्या नाहीत, नुसतं सरकून जागा दिली. हळू चाललो. खांदा बदलला. घडा गळ्यापर्यंत भरलेला आणला आणि दुसऱ्याशेजारी ठेवला. तिनं त्यावर झाकण ठेवलं आणि चुलीकडे गेली.

डोंगरावरून आवाज येत होते. शब्द कळत नव्हते, पण एक आवाज खणखणीत होता.

उन्हं चढायच्या आत सगळ्या उतरल्या. अलकनंदाबाई पुढे. प्रभानं माझ्याकडे पाहिलं. "सदरा कसा भिजला?"

"पाणी भरलं," मी म्हणालो.

पुढे काहीतरी येईल म्हणून ती वाट बघत राहिली. पुढे काही नव्हतं. मग व्हॅनमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि वर काय काय होतं ते सोहना येईपर्यंत सांगत होती.